स्क्रीनच्या पलीकडून

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. माझा तो स्वभावही नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगते, विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

यात अमावास्या नाही, ओसाड बंगला नाही. सगळं घडलं ते सकाळी सहा ते सातच्या दरम्यान, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत. खाली दूधवाल्याची सायकल वाजत असायची, समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे झटकत असायचं.

आणि माझ्या अंगावर काटा उभा असायचा.

आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचा एकेक खिळा चिमटीत धरून ओळ लावायची, चाळीस वर्षं तेच काम. छापखाना बंद झाला आणि यांनी उतारवयात संगणक शिकून घेतला. तोही लिनक्सवाला. का, तर त्यात अक्षरं आपल्याला हवी तशी बसवता येतात. बायका नवऱ्याच्या तंबाखूला कंटाळतात, मी यांच्या अक्षरांना कंटाळले होते.

पण ती अक्षरं माझ्यासाठीच चालली होती.

माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. पोथीचा बारीक टाइप दिसेना. रोज सकाळी अंघोळ करून एक अध्याय वाचायचा आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. तो चुकायची वेळ आली तेव्हा यांनी अख्खी पोथी संगणकावर उतरवली. दोन बोटांनी. सात महिने लागले. मग मला खुर्चीत बसवायचे, स्वतः मागे उभे राहायचे आणि अक्षरं बदलून बदलून विचारायचे,

"आता बरं, की मघाचं?"

"मघाचं."

"आणि आता?"

चष्मेवाल्याकडे विचारतात ना, तसं. शिरोरेघ जाड, शिरोरेघ बारीक, कडा मऊ, कडा टोकदार. शेवटी एक दिवस अक्षरं अशी लख्ख दिसली की मला रडूच आलं.

त्यानंतर दीड वर्षाने हे गेले. झोपेतच.

मी तेराव्या दिवशी मनाशी बोलले, की एक वर्षभर माझा रोजचा अध्याय यांच्या नावाने वाचीन. मोठ्याने, म्हणजे यांना ऐकू जाईल. एक दिवसही चुकवायचा नाही. मूलबाळ नाही आम्हाला. यांच्यासाठी कुणी काही करायचं, तर ते मीच.

वर्ष भरायला सोळा दिवस राहिले असताना संगणकाने काहीतरी विचारलं. नवीन काही आलंय, घेऊ का? मी आपलं 'हो' दाबलं. नाही म्हणायचं जिवावर येतं माझ्या.

दुसऱ्या दिवशी अक्षरं गेली.

गेली म्हणजे होती, पण पाण्यात भिजल्यासारखी. शिरोरेघेच्या दोन रेघा झालेल्या. प्रत्येक अक्षराला एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर झालर. तो अध्याय मी भिंग लावून, निम्मा आठवून, कसाबसा पुरा केला. पाणी प्यायले तेव्हा साडेदहा वाजले होते.

आमच्या गल्लीत एक संगणक दुरुस्त करणारे आहेत. यंत्र हातात घेण्याआधी "कधीपासून होतंय?" असं विचारतात, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. ते आले.

"काकू, काकांनी बसवलेली अक्षरांची फाईल नव्या अपडेटमध्ये पुसली गेली," ते म्हणाले. "घाबरू नका. पेशंट वाचेल."

त्यांनी मला समजावून सांगितलं. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यात तीन रंगांच्या उभ्या पट्ट्या असतात. लाल, हिरवी, निळी. त्यांचा क्रम संगणकाला ठाऊक असला, की अक्षरांच्या कडा नीट बसतात. क्रम उलटा सांगितला, की झालर दिसते.

अर्ध्या तासात अक्षरं परत आली. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून दिवा लावला, पोथी उघडली...

झालर.

डॉक्टर परत आले. फाईल बघून त्यांनी डोकं खाजवलं.

"क्रम कुणीतरी उलटा केलाय. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. तुम्ही होतात का इथे?"

"मी अंघोळीला होते."

"घरात आणखी कोण?"

 मी एकटीच असते, हे त्यांना विचारल्यावर आठवलं असावं. ते पुन्हा नीट करून गेले. जाताना त्या फाईलला कुलूप लावलं, म्हणजे माझा हात चुकून लागला तरी बदलायला नको.

तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात होते. नळ बंद केला आणि...

ठक.

एकच. कीबोर्डवरचं मोठं बटण दाबल्यासारखं. यांचा तसाच हात होता, शिशाचे खिळे हाताळलेला, जड.

मी ओल्या अंगाला पातळ गुंडाळून बाहेर आले. खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली. खुर्ची टेबलात सरकवलेली, मी ठेवली होती तशी.

अक्षरांना झालर.

त्या दिवशी नणंदेचा फोन आला. वय झालं तरी जिभेची धार गेलेली नाही.

"वहिनी, माझा भाऊ गेला तरी त्याचं ते खोकं काही तुम्हाला सुटत नाही."

"वन्सं, पोथी आहे त्यात."

"मग मोठ्या टाइपाची विकत आणा की. दुकानं काय त्याच्याबरोबर बंद झाली?"

"ह्यांनी उतरवलेली आहे ती. तेराच दिवस राहिलेत. त्यातूनच पुरं करायचंय. आज कुणी नसताना बटण वाजलं, तरीही."

 मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकट्या राहता. कान वाजतात एकटीचे. माझेही वाजतात."

चौथ्या दिवशी मी अंघोळ अंधार असतानाच उरकली आणि सहा वाजता स्क्रीनसमोर जाऊन बसले. हात मांडीवर. पोथी उघडलेली, आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा नीट केलेली अक्षरं स्वच्छ.

सहा वाजून दहा मिनिटं झाली.

पंख्याचा आवाज बंद पडला. पंखा फिरत होता... आवाज नव्हता. दूधवाल्याची सायकल नाही, कपडे झटकणं नाही. कानात कापूस घातल्यासारखं.

आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं बदलली.

झालर आली. गेली. पुन्हा आली. शिरोरेघ जाड झाली. बारीक झाली. दर वेळी मध्ये थोडं थांबणं... जसं कुणी उत्तराची वाट बघतंय.

मला ते थांबणं ओळखीचं होतं. कितीतरी दिवस त्या थांबण्यात उत्तरं दिली होती मी. तोंडातून आपोआप निघालं,

"मघाचं. मघाचं बरं होतं."

अक्षरं बदलली. झालर आली, आणि तिथेच थांबली.

मी पुन्हा सांगितलं, "अहो, हे नाही. मघाचं."

काही हललं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की विचारणारा मला विचारत नव्हता. दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे तपासणं चाललं होतं, आणि त्या डोळ्यांना तेच बरं दिसत होतं.

पंख्याचा आवाज परत सुरू झाला. मी भिंग घेतलं आणि अध्याय वाचला. 

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं नाही. अक्षरं परत बिघडली, एवढंच. त्यांनी कुलूप लावलेली फाईल उघडून बघितली.

"काकू, हा क्रम चुकीचा नाहीये तसा," ते म्हणाले. "एखाद्याने स्क्रीन उलटी टांगली, तर त्याला हेच सेटिंग लागेल." मग हसले. "नाहीतर मग पलीकडून वाचणारा पाहिजे कुणीतरी."

पलीकडे भिंत. टेबल भिंतीला टेकवलेलं.

वायर सैल आहे का बघतो म्हणून त्यांनी टेबल ओढलं. वर्षभर ते कुणी हलवलं नव्हतं. स्क्रीनच्या पाठीवर धुळीचा हा जाड थर. फक्त मधोमध...

मधोमध ताटलीएवढी जागा स्वच्छ होती. पुसल्यासारखी नाही. आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडल्यावर जशी वाफ धरते, तशी, कडेला विरत गेलेली.

डॉक्टर हसायचे थांबले.

त्यांनी टेबल हलक्या हाताने जागेवर सरकवलं. खुर्चीत न बसता, उभ्यानेच काहीतरी टाइप केलं.

"रंगच काढून टाकलेत. आता अक्षरं नुसती काळी-करडी. तुम्हाला पूर्वीइतकी टोकदार दिसणार नाहीत, पण झालर नाही. अशा अक्षरांच्या कडा कुठल्याही बाजूने सारख्याच दिसतात." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोघांनाही चालतील."

दोघांनाही, हा शब्द त्यांनी का वापरला, मी विचारलं नाही.  आता रस्त्यात भेटले की लांबूनच मान हलवतात.

तुम्हाला वाटेल, मी घर सोडून नणंदेकडे गेले असेन. नाही गेले. उलट त्या दुपारी मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

कारण छापखान्यातल्या खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, आरशात दिसतात तशी. यांना उलटं वाचायची इतकी सवय, की लग्न ठरल्यावर यांनी मला पाठवलेली पहिली चिठ्ठी उलट्या अक्षरांत होती आणि मी ती आरशासमोर धरून वाचली होती, चोरून. भिंतीच्या बाजूने पोथी वाचायची, तर ती यांनीच वाचावी. मला दुसरं कोण सुचणार?

दुसऱ्या दिवशी सहाला मी खुर्चीत बसले. अक्षरं करडी, थोडी मऊ, पण वाचता येत होती. सहा वाजून दहा मिनिटांनी पंख्याचा आवाज गेला...

अक्षरं बदलली नाहीत.

"बरं दिसतंय ना?" मी विचारलं. आणि वाचायला लागले.

पुढचे दिवस मी कसे सांगू? वर्षभर भिंतीला वाचून दाखवत होते, आता तिथे कुणीतरी आहे असं वाटत होतं. मी सकाळी वेणी नीट घालायला लागले. वाचून झाल्यावर इकडचंतिकडचं सांगायचे. नळाला पाणी कमी येतं, वन्संचा गुडघा दुखतो. उत्तर यायचं नाही. पण यांचंही कधी येत नसे.

चार दिवस राहिले होते तेव्हा पान सरकलं.

मी ओळीच्या मध्यावर होते. पान आपोआप वर गेलं, तीन ओळींनी. माझं बोट लागलं असेल म्हणून मी मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी हात पदराखाली बांधून बसले.

पान सरकलं. मी अजून वरच वाचत होते, ते पुढे निघून गेलं. मी घाईघाईने गाठलं, तर लगेच पुन्हा सरकलं. कुणीतरी माझ्या पुढे वाचत होतं. भराभर. अधाशासारखं.

शेवटच्या दिवशी मी अर्ध्यावर होते आणि पान अध्यायाच्या शेवटाला जाऊन थांबलं होतं. मी ते परत वर आणलं, शब्दन्‌शब्द मोठ्याने वाचला, यांचं नाव घेतलं आणि हात जोडले. वर्ष पुरं झालं. एक दिवसही चुकला नाही.

मी पाणी प्यायला उठले. परत येऊन बघते तर स्क्रीनवर पोथीचं पहिलं पान.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"माझ्या पुढे पुढे पळत होते, वन्सं," मी म्हणाले. "घाई झाली असेल सुटायची."



"वहिनी," त्या म्हणाल्या, "दादा आणि भराभर? शाळेत मास्तर रागवायचे त्याला, इतका हळू वाचायचा. एकेक अक्षर बोटाने धरून. म्हातारपणी तुम्हीच नाही का हसायचात, की ह्यांचं कालचं वर्तमानपत्र आज दुपारी संपतं?"

मी हसायचे. हे ओठ हलवत, बोट ठेवत वाचायचे. मी दोन पानं पुढे जायचे तेव्हा यांच्या चार ओळी व्हायच्या. बेचाळीस वर्षं शेजारी बसून हे बघितलं होतं मी. आणि ते मला आठवलंच नव्हतं. की मी आठवू दिलं नव्हतं?

फोन ठेवला. खोलीत अंधार व्हायला लागला होता. मी दिवा न लावता टेबलाकडे बघत बसले.

यांच्या नावाने वाचलेलं यांना पोचलं की नाही, हे मला आता कोण सांगणार? तिथे जे बसलं होतं, त्याने सगळं घेतलं. आणि अजून हवंय त्याला.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. संकल्प पुरा झाला, पण माझा रोजचा नेम आहेच, तो सोडता येत नाही. वन्संनी मोठ्या टाइपाची पोथी आणून दिली आहे, ती कोऱ्या कापडात बांधून ठेवली आहे. एक सकाळ त्यातून वाचून बघितलं. स्क्रीन बंद होती. सहा वाजून दहा मिनिटांनी पंख्याचा आवाज गेला आणि टेबल भिंतीपासून थोडंसं... बोटभर... माझ्याकडे सरकलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्क्रीन लावली.

वाचून झाल्यावर नळाचं, गुडघ्याचं सांगणं मात्र बंद केलंय. नुसतं वाचते आणि उठते. कुणाचं नाव घेत नाही.