उतारमॅनची पिशवी

आमच्या घरात सकाळ कोमट पाण्याच्या टबाने सुरू होते. त्यात आधी सृष्टीची मनगटं बुडवायची, मग घोटे, मग गुडघ्यांवर ओला टॉवेल. सांधे जरा सैल झाले की मगच पोरगी पलंगावरून पाय खाली टाकते. नाशिकची जानेवारीतली थंडी लोकांना मिसळ खायला बरी वाटते. मला ती डोळ्यांसमोर नको असते. नऊ वर्षांच्या मुलीचे सांधे म्हातारीसारखे सुजतात, हे आमच्या पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीत कोणाला पटत नाही. "लाडावून ठेवलीय," असं लिफ्टमध्ये एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली होती. मी भांडले नाही. भांडायलाही अंगात जीव लागतो.

मी घरी बसून शाळेच्या गाइडांसाठी चित्रं काढते. बेडकाची पचनसंस्था, ज्वालामुखीचा छेद, फुलाचे भाग. माझा नवरा रविराज अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, पायात पुढे पोलादी टोपी असलेले काळे बूट, नाडीला दोन गाठी. घरातून निघताना दारात नेहमी "येतो हं" म्हणतो, "जातो" कधीच म्हणत नाही.

उतारमॅन जन्मला तो दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू उतार पडेल." सृष्टीने विचारलं, "कोण पाडणार?" डॉक्टर हसले, मला मात्र रडू आलं. ते लपवायला मी रिपोर्टचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर एक माणूस काढला. "हा पाडणार. उतारमॅन."

त्याला ना पंख होते, ना मुखवटा. चौकड्यांचा शर्ट, पायात चपला आणि खांद्याला साडीच्या दुकानात मिळते तशी कापडी पिशवी. दुखऱ्या सांध्यावर तळवा ठेवायचा, दुखणं बाहेर ओढायचं, ते जांभळाएवढं काळं काहीतरी पिशवीत टाकायचं आणि "येतो हं" म्हणून निघायचं. सृष्टीचे सांधे शेकताना मी त्याची एकेक गोष्ट काढायची आणि ती पानं फ्रिजला लावायची. पुढे सगळी स्टेपल करून तिचं कॉमिक करायचं ठरलं होतं.

ज्या मनगटाची गोष्ट काढली, ते मनगट दुसऱ्या सकाळी वळायला लागलं. घोट्याचंही तसंच झालं. नवीन इंजेक्शन लागू पडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझाही त्यावर विश्वास होता. इंजेक्शन खरंच नवीन होतं.

पिशवीकडे माझं लक्ष जरा उशिरा गेलं. मी ती नेहमी चपटी काढायचे, दोन रेघांत. फ्रिजवरच्या पानांत ती फुगलेली होती. घाईत काढली असेल, म्हटलं. मग एक दिवस पिशवीचा बंद ताणलेला दिसला, शर्ट खांद्यावरून ओढला गेलेला, एका चपलेचा अंगठा तुटलेला. तुटकी चप्पल मी काढली नव्हती. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. माणूस दमला होता. तसा चेहरा मी रोज आरशात बघते, त्यामुळे मला तो लगेच ओळखता आला.

त्याच आठवड्यात रविराजची आत्या, चंद्रभागाआत्या, दिंडोरीहून द्राक्षांची पेटी घेऊन आली. पाणी प्यायच्या आधी तिचं लक्ष फ्रिजकडे गेलं.

"हा कोन गं, पूजा?"

मी सगळं सांगितलं. ती पानांजवळ डोळे नेऊन बघत राहिली.

"म्हंजे उतारा करनारा."

"उतारा नाही, आत्याबाई. उतार."

"येकच की. अंगावरनं काढायचं, म्हंजे उतारा." तिने एक द्राक्ष तोंडात टाकलं. "पर काढल्यालं कुठंतरी ठिवाया लागतं. चौफुलीवर ठिवायचं आन् मागं वळून नाय बघायचं. मंग जो वलांडंल त्येचं. ह्यो तर नुस्ता भरूनच चाललाय. वततो कुठं?"

"चित्र आहे ते, आत्याबाई."

"मी तरी कुठं खरं म्हन्ते? पर पिशवी फाटंल, एवढं खरं."

सृष्टी खदखदून हसली. मला हसू आलं नाही.

आत्या परत गेल्यावर थंडी आणखी वाढली. एका सकाळी मी टब भरत असताना आतून सृष्टीचा आवाज आला. ती रडत नव्हती, नुसती "आई, आई" म्हणत होती, दम लागल्यासारखी. तिचा उजवा गुडघा एवढा सुजला होता की पायजमा वर सरकेना. हात लावला तर चटका बसला.

टबातलं पाणी बदलायला मी स्वयंपाकघरात आले. फ्रिजवरच्या पानात पिशवीची शिवण उसवली होती. चौकटीच्या तळाशी ते काळं काहीतरी पडलेलं होतं. उतारमॅन वाकून ते उचलायला बघत होता आणि त्याचा हात पोचत नव्हता.

मी टब खाली ठेवला आणि कागद घेतला.

भरदुपारची एक मोठी चौफुली काढली. माणूस नाही, गाडी नाही, कुत्रंसुद्धा नाही. मधोमध उतारमॅन पिशवी उलटी करतोय. शाई वाळेपर्यंत मी सृष्टीजवळ जाऊन बसले.

परत येऊन पाहिलं, तर पिशवी सुलटी होती. भरलेली. तो चौफुलीत नुसता उभा होता आणि कागदातून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रांगेत उभं राहून कंटाळलेला माणूस खिडकीकडे बघतो, तसं.

मला कळलं. रिकाम्या चौफुलीवर ठेवायचं कोणासाठी?

पहिल्यांदा हात लिफ्टमधल्या बाईकडे गेला. खोटं कशाला सांगू? पेन्सिलने तिचा अंबाडा काढला, चष्मा काढला. आतून पुन्हा "आई" ऐकू आलं. मी खोडरबर घेतला आणि तिला पुसून टाकलं.

मग गाऊनवर ओढणी घेतलेली, केसांना क्लिप लावलेली, मला रोज आरशात दिसते ती बाई काढली. एक पाय उचललेला.

दुपारी सृष्टी भिंतीला न धरता हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "भूक लागली." मी तिला पोटाशी धरलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी टब उचलायला गेले, तर बोटं मिटेनात.

तेच डॉक्टर, तीच पाकिटं. "आईला होतं कधीकधी, ताण असतो," असं कोणीतरी म्हणालं. आता रविराज शिफ्टच्या आधी माझ्यासाठी पाणी गरम करायचा, माझे गुडघे शेकायचा. शेकताना शाळेतल्या गमती सांगायचा, मी त्याची मुलगी असल्यासारखा. मी कण्हत असले तरी आतून शांत होते. बाहेर पार्किंगमध्ये सृष्टी सायकल फिरवायची. तो आवाज ऐकत मी पडून राहायचे.

उन्हं तापायला लागली तशी एका सकाळी माझी बोटं आपोआप उघडली. मी ती मिटली, पुन्हा उघडली. आनंदाने रडले. कोणाला हाक मारावी, तर सृष्टी माझ्याच पायाशी पालथी पडून काहीतरी काढत होती.

"काय करतेस गं?"

"उतारमॅन. तुझं बघून उतरवला." तिने मान वर केली नाही. "तुझे हात झाले, गुडघे आत्ताच झाले. पण आई, त्याची पिशवी भरली. चौफुली काढलीय मी. ओलांडायला कोणाला काढू?"

"कोणाला नाही. दे तो कागद."

"मग तो ओतत नाही," ती मला समजावत म्हणाली.

मी कागद ओढून घेतला. लहान मुलीच्या हातची, वाकड्या रेघांची चौफुली. मधोमध तो. पिशवी उलटी. रिकामी.

चौकटीच्या उजव्या कडेला एक पाय होता, उचललेला. बाकीचा माणूस अजून चौकटीत यायचा होता. काळा बूट, पुढे पोलादी टोपी, नाडीला दोन गाठी.

"हा बूट तू काढलास?"

सृष्टीने कागदाकडे पाहिलं. "नाही. मी अजून विचारच करत होते."

बाहेर दाराची कडी वाजली.

"येतो हं," रविराज म्हणाला.

त्याला थांबवायला मी ताडकन उठले. गुडघे अजिबात दुखले नाहीत.