जांभळ्या लेसमध्ये लाल चौकडा

"तुम्ही बोलावलंत, म्हणून थांबलोय," तो म्हणाला.

नेलिन लांडवेल्ट संध्याकाळी कामावरून सुटून कोपऱ्यावर आली होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चकचकीत बूट, भारीतला शर्ट, हातात मिटलेली छत्री आणि चेहऱ्यावर हसू... ओळख ना पाळख!

"मी? तुम्हाला? कधी?"

"सकाळी. बसमधून उतरताना." त्याने हळूच तिच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "आणि अजूनही बोलावताय."

नेलिनचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. बोटांना ताठ उभं असलेलं टोक लागलं. अरे देवा! हा रुमाल तिचा नव्हताच!

सुरीनामच्या राजधानीत, परामारिबोत, डोईचा रुमाल नुसता गुंडाळत नाहीत. त्याला खळ घालून पुठ्ठ्यासारखा कडक करायचा, घड्या घालायच्या, टाचण्या लावायच्या आणि टोपीसारखा तयार करून फळीवर ठेवायचा. त्याला म्हणतात अंगिसा. आणि प्रत्येक घडीला अर्थ असतो हो! बायकांना जे तोंडाने बोलता येत नव्हतं, ते त्या घड्यांतून बोलायच्या. नेलिन रोज घालायची त्या घडीचा अर्थ, 'बोलू देत लोकांना'. पण आज उठायला उशीर झाला, मावशीच्या फळीवरून घाईघाईत रुमाल उचलला आणि उचलला तो नेमका शेजारचा. त्याचा अर्थ होता, 'कोपऱ्यावर थांब माझ्यासाठी'. ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना एवढं कसलं हसू फुटत होतं, ते तिला आत्ता कळलं.

"चुकून घातला गेला," ती म्हणाली. कान गरम झाले होते. "हा माझ्या मावशीचा आहे."

"बरं... मग मावशीसाठी थांबू का?"

नेलिनला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

"आणि तुम्हाला कसं काय वाचता येतं हे? आजकालच्या पोरांना तर रुमाल म्हणजे नाक पुसायचा एवढंच माहीत."

"आजीने शिकवलं. आजोबांशी भांडण झालं की ती बोलायची नाही, रुमालच बोलायचा. आजोबा बिचारे रोज सकाळी आधी तिच्या डोक्याकडे बघायचे, मग कॉफी मागायची की नाही ते ठरवायचे."

तेवढ्यात नदीकडून सर आली. इकडची सर काही सांगून येत नाही... थेट बादली उपडी! त्याने छत्री उघडली आणि सरळ तिच्या डोक्यावर धरली. स्वतः मात्र भर पावसात.

"अहो, भिजताय तुम्ही!"

"भिजू दे. रुमालाची खळ उतरली, तर तुम्ही मला बोलावलं होतं, हे मी सिद्ध कसं करणार?"

असा भेटला ओर्लांडो केन्समिल. केन्समिल म्हणजे ते फरशीवाले. शहरातल्या निम्म्या बंगल्यांत त्यांचीच फरशी. दुकान आईच्या नावावर, आईच्या हुकमावर, आणि ओर्लांडोच्या अंगावरचा शर्टसुद्धा आईनेच हॉलंडहून मागवलेला.

"तरीच," नेलिन त्या ओल्या शर्टाकडे बघत म्हणाली. "राग येऊ देऊ नका हं, पण हा शर्ट तुम्ही घातलेला नाही. शर्टाने तुम्हाला घातलंय."

"म्हणजे?"

"हात करा पुढे." तिने त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, गळ्याचं वरचं बटण सोडलं, कॉलर जराशी मागे केली. मग एक पाऊल मागे सरकून, डोळे बारीक करून पाहिलं. "हां. आता आत माणूस आहे असं वाटतंय. काही पैसे लागले का?"

 ओर्लांडो नुसता बघत राहिला... आणि ती नजर नेलिनला घरी गेल्यावरसुद्धा पुसता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने आपला नेहमीचा रुमाल घातला. तरी तो कोपऱ्यावर होताच. तिसऱ्या दिवशीही. मग कधी गरम गरम बारा, म्हणजे डाळीचे वडे, खात, बोटांना लागलेली चटणी चाटत दोघं नदीकाठाने चालायची, कधी नुसतीच कठड्याला टेकून उभी राहायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि लोक बघायचे. ते त्याच्याकडे नाही, तिच्याकडे. नेलिनकडे कपडे असे किती होते? चार-दोन. तेही बाजारातल्या सगळ्यात साध्या सुती कापडाचे. पण ते ती अशी बेतायची! पाठीला एक छोटी झालर, कमरेला पडद्याच्या दोरीचा पट्टा, करवंटीची बटणं. रस्त्याने चालली की भल्याभल्या बायका मागे वळून बघायच्या आणि मग स्वतःच्या महागड्या पोशाखाकडे जरा नाराजीनेच बघायच्या.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि आली ओर्लांडोच्या आईची, केन्समिल बाईंची साठी.

आता साठी म्हणजे घरात केक कापून उरकायची गोष्ट नव्हे. बिगी यारी! मोठा वाढदिवस! हॉल, बँड, गावभर आमंत्रणं. आणि घरच्या-दारच्या सगळ्या बायकांनी एकाच कापडाचं घालायचं, ते कापड वाढदिवसाची बाई ठरवणार. बाईंनी ठरवली फिकट जांभळी लेस. हॉलंडची. आमंत्रण नेलिनलाही आलं, बाईंच्याच नावाने. 'मुलगी बघायची आहे' असा त्याचा सरळ अर्थ होता.

चार दिवसांनी ओर्लांडो कोपऱ्यावर आला तो एक मोठं खोकं घेऊन. आत जांभळ्या लेसचा तयार पोशाख.

"आवडला नाही?"

"सुंदर आहे."

"मग?"

"माझा नाहीये."

"एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, नेलिन! सगळ्या जणी तेच घालणार. त्यात तू एकटी बाजारातल्या सुती कापडात आलीस, तर... तुला कोणी काही बोललं तर मला सहन होणार नाही."

"मला बोललेलं सहन होणार नाही, की तुला बोललेलं?"

ओर्लांडोने नजर वळवली. चिखल उडवत गेलेल्या मोटारीकडे बघत राहिला.

नेलिनने खोक्याचं झाकण लावलं. आवाज शांत ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला.

"माझी आई लोकांच्या घरी कामाला होती. बायांनी टाकलेले कपडे घालायची. भारीतले असायचे हं! ती चर्चमध्ये शिरली की लोक म्हणायचे, हा तर डॉक्टरीणबाईंचा झगा. तो मागच्या वर्षी वकिलीणबाईंच्या अंगावर होता. तिच्या आयुष्यात तिला कुणी पाहिलंच नाही रे... झगेच पाहिले. मी पहिल्या पगारात कापड घेतलं ना, तेव्हाच ठरवलं. माझ्या अंगावर जे असेल ते माझं असेल. तुझ्या आईसमोर मी यायची तर मीच येईन. नाहीतर हे खोकं घेऊन जा आणि खुर्चीवर बसव."

त्याने खोकं उचललं. "तू फार हट्टी आहेस," एवढंच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नेलिन रडली का? रडली. खोटं कशाला बोला? उशी ओली होईपर्यंत रडली.

"अगं, घालायचा एक दिवस!" वॉनीमावशी चिडली. "अंगाला काय काटे टोचणार होते? एवढ्याशा गोष्टीवरून चांगला माणूस हातचा घालवशील!"

"जायचा असेल तर जाऊ दे, मावशी. पण मला बघून जाऊ दे."

"म्हणजे तू जाणार आहेस तिथे?"

"आमंत्रण आहे. मी काय चोरी केलीय घरात लपून बसायला?"

मावशीने कपाळावर हात मारला. मग उठली आणि मुकाट्याने शिवणयंत्राला तेल घातलं.

नेलिनने लाल-पांढऱ्या चौकड्याचं कापड काढलं, साधं सुती. आणि शिवायला बसली. बाह्या जरा फुगीर, कंबर नीट बसलेली, मागे पणजीच्या जुन्या फोटोत असते तशी झालर. कापड चुकूनही वाकडं जाऊ दिलं नाही. 

हॉलच्या दारातच केन्समिल बाई उभ्या होत्या. आत सगळं जांभळं... बायका जांभळ्या, टेबलांवरचे कपडे जांभळे, ओर्लांडोचं जाकीटसुद्धा जांभळं. बँड वाजत होता, भट्टीत भाजलेल्या कोंबडीच्या पोमचा खमंग वास सुटला होता, आणि दारात हे लाल चौकड्याचं वादळ.

"हे मी सांगितलेलं कापड नाही," बाई म्हणाल्या.

"नाही, काकू. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा."

"ओर्लांडोने दिलं नाही तुला?"

"दिलं होतं. मी परत केलं."

"कारण?"

"काकू, तुमचा अपमान करायचा नव्हता. पण तुम्ही मला आज पहिल्यांदा बघणार होतात. त्याने आणलेल्या कपड्यात बघितलं असतंत, तर मला कुठे बघितलं असतंत? त्याची निवड बघितली असतीत."

बाईंनी बघितलं. अगदी सावकाश, गळ्यापासून झालरीपर्यंत. फरशी तडकलेली आहे का बघावं, तसं.

"शिवलं कोणी?"

"मीच."

"हं." त्यांनी हात केला तो थेट स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाकडे. "तिथे बस."

नेलिन बसली. कुजबुज ऐकू येत होती, ऐकू यावी अशीच ती चालली होती. 'बाजारातलं कापड गं!' 'टेबलाला घालतात तसलं!' तिने ताट वाढून घेतलं आणि जेवायला लागली. उपास आणि अपमान, दोन्ही घेऊन घरी जायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. पोम सुरेख झालं होतं.

"इथे जागा आहे?"

ओर्लांडो. एका हातात ताट, दुसऱ्या हातात स्वतःची खुर्ची. घरच्यांच्या टेबलावरून उठून, भर हॉलमधून तो ती ओढत आला होता. खुर्चीचा आवाज बँडच्या वर गेला होता.

"आहे. पण इथे गाणी कमी आणि भांडी जास्त ऐकू येतात."

"चालेल." तो बसला. ताटाकडे बघत बोलला. "मी कोपऱ्यावर आलो नाही... लाज वाटली म्हणून. तू विचारलं होतंस ना, तुला बोललेलं की मला बोललेलं? मला. भीती माझीच होती. तुझं नुसतं निमित्त."

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझं तुला कळायला हवं होतं."

त्याने मान वर केली. "नेलिन, तू दारातून आत आलीस ना... या हॉलमध्ये माझ्या मावश्या आहेत, आत्या आहेत, निम्मं गाव आहे. मला दुसरं कोणी दिसलंच नाही. मला तू हवी आहेस. अशीच. मी हे आईसमोर म्हणायला तयार आहे."

ती काहीतरी बोलणार, तोच बँड थांबला. घरच्यांचा फोटो! बाई मधोमध उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंना जांभळ्या रांगा लागल्या.

"ओर्लांडो! ये लवकर!"

तो उठला आणि नेलिनचा हात धरला.

"मला नको नेऊस," ती कुजबुजली. "आज त्यांचा दिवस आहे."

"तू नाही, तर मी पण नाही."

"ओर्लांडो!" बाईंचा आवाज चढला. "अरे, ती फोटोत वेगळी दिसेल!"

"हो आई," तो म्हणाला. "म्हणूनच."

  नेलिनला पळून जावंसं वाटलं, पण ती पळाली नाही. ओर्लांडोचा हात धरून, सगळ्यांच्या नजरा झेलत रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

केन्समिल बाई रांग सोडून निघाल्या, तरातरा चालत आल्या. आता काय होतंय म्हणून ओर्लांडोच्या एका आत्याने तोंडावर हात ठेवला. बाईंनी नेलिनचं कोपर धरलं.

"कडेला कशाला उभी राहतेस? कडेला राहिलीस तर लोक म्हणतील, चुकून घुसली. चल इकडे. माझ्या शेजारी." तिला मधोमध उभं करून त्यांनी तिची झालर स्वतःच्या हाताने नीट केली. "आणि ताठ उभी राहा. एवढं शिवलंयस तर दिसू दे की!"

फोटोवाला ओरडला, "हलू नका! कोणी बोलू नका!"

ओर्लांडो तिच्या अगदी मागे उभा होता. नेलिनने समोरची नजर हलवली नाही. फक्त ओठ जरासे हलवले.

"ओर्लांडो..."

"शू! हं?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. लग्न करीन तर तुझ्याशीच. कपडे मात्र माझे मीच शिवणार."

आणि खटकन फोटो निघाला.

तो फोटो केन्समिलांच्या दिवाणखान्यात आजही आहे. सगळे शिस्तीत समोर बघताहेत. फक्त ओर्लांडोचं तोंड उघडं, आणि डोळे पुढच्या मानेवर खिळलेले. घरी कोणीही नवीन आलं की फोटोपुढे थांबतं, लाल चौकड्यावर बोट ठेवतं आणि विचारतं, "ही कोण?"

"ही ना?" केन्समिल बाई हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात. "ही नेलिन."