आठ फुटांवर

बायकोच्या, त्रिशलाच्या, गुडघ्यांना जिना झेपेना, तेव्हा शांतिनाथनं घरामागं तिच्यासाठी खोली काढायचं ठरवलं. दहा बाय बारा. पांढऱ्या फक्कीनं आखणी झाली आणि तिसऱ्याच दिवशी त्रिशला गेली.

महिनाभरानं त्यानं बिराप्पा गवंड्याला बोलावलं. पुण्याहून लेक फोनवर रडली. "अण्णा, आता कुणासाठी बांधताय?"

"तिला कबूल केलंतं," एवढंच तो म्हणाला.

सांगलीकडची काळी माती. पण जुन्या घराला चार फुटांवर मुरूम लागला होता. इथं, पाच पावलांवर, सहा फूट गेले तरी माती काळीच. पहार टेकवली की आपोआप आत जायची.

"असं कुटं बगितलं न्हाई," बिराप्पा म्हणाला. "सगळी माती काडून मुरूम भरावा लागंल." त्यानं जेसीबी लावला.

आठ फुटांवर बिराप्पानं हात वर करून मशीन थांबवलं. खाली उतरून त्यानं हातानंच माती सारली आणि तसाच बसून राहिला.

"अण्णा, हितं आदी कोन ऱ्हात हुतं?"

"कोन न्हाई. आज्यापासनं ऊसच हाय."

"मग हे सारवलंय कुनी?"

शांतिनाथ शिडीनं उतरला. उतरताना त्यानं चपला वर काढून ठेवल्या. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शेणानं सारवलेली जमीन. एक भेग नाही. बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून, बरोबर दहा बाय बारात संपलेले. निरगुडीच्या तेलाचा वास येत होता.

"तेलाचा वास येतोय, व्हय?" बिराप्पानं हळूच विचारलं.

सात वर्षं शांतिनाथनं तेच तेल त्रिशलाच्या गुडघ्यांना चोळलं होतं.

"मुरूम वतून बुजवू का?"

"जरा थांब. तू वर जा."

तो एकटाच खाली बसला. जमीन कोमट होती. तळवा टेकवला आणि त्रिशला गेल्यापासून अडलेलं रडू फुटलं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

खड्ड्याच्या भिंतीलगत खाटेच्या पायांचे चार खळगे होते. वाळून कडक झालेले.

त्यांच्या शेजारी, वीतभर अंतरावर, आणखी चार.

त्यानं या चारांतल्या एकात बोट घातलं. शेण अजून ओलं होतं.