न दिलेली हाळी

सन दोन हजार चोवीस. मे महिन्याची एकोणीस तारीख. बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि धानोऱ्याकडच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. हरिदास बायको अंजनाबाई आणि नात साक्षी यांना घेऊन फटफटताच पत्ता तोडायला निघाला.

अडुसष्ट वर्षांचा माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण मान ताठ. विहाराची किल्ली त्याच्याकडे असायची. "आपण जन्मलो त्याच साली बापानं धम्म घेऊन भूतखेत गावाबाहेर सोडले," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि कोणी हसलं तर त्याच्याशी महिनाभर बोलायचा नाही.

उन्हं चढली तेव्हा तिघं कोसमडोहाशी आले. साक्षी बाटली भरायला खाली उतरली आणि थबकली.

"आबाजी, इथी डहाळा रोवून हाये."

काठच्या रेतीत ऐनाचा हिरवा डहाळा उभा होता. पानं खाली, बुंधा वर. ताजा तोडलेला. बुंध्यातून अजून रस गळत होता.

त्या भागात याचा अर्थ लेकरालाही कळतो. पूर्वी उन्हाळ्यात सारं गाव मिळून डोह मारायचं. गेळफळ कुटून पाण्यात टाकलं की मासोळी गुंगून वर येते. पण टाकण्याआधी गावातला जाणता माणूस काठावर उभा राहून धारेच्या खालच्या अंगाला हाळी द्यायचा, "पानी मारलं होऽऽ!" खाली जो कोणी असेल, गुराखी असो की लाकूडवाली, त्यानं ओरडून "आयकलं!" म्हणायचं. ते ऐकू आल्यावरच टोपली पालथी व्हायची. मग दोन्ही काठांना उलटे डहाळे. दीड दिवस त्या पाण्याला माणूस शिवायचा नाही, ढोर शिवायचं नाही.

"कोनं मारलं असन डोह?" अंजनाबाई म्हणाली. "पानी नोको भरू व माय."

हरिदासनं पाण्याकडे पाहिलं. एकही मासोळी उलटलेली नव्हती. त्यानं डहाळा उपटला आणि झुडपात भिरकावला.

"पोट्ट्यायचा खेळ हाये. भर बाटली."

साक्षी प्यायली. अंजनाबाई प्यायली. बाटली त्याच्यापुढे आली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

"तुमी काऊन नाई पेत?"

"तहान नाई."

"भर उन्हात तहान नाई! हरिदास पाटील झाले वाट्टे आता," अंजनाबाई हसली. तो हसला नाही. पाण्याला फवारणीचा वास येत होता. धानावर मारायच्या औषधाचा, नाकात चढून डोक्यात बसणारा वास. बाकी दोघींना तो येत नव्हता.

हा वास त्याच्या ओळखीचा होता. गेल्या साली याच दिवसांत राजदीपची, म्हणजे त्याच्या धाकट्या मुलाची, सोयरीक जुळत होती. पाहुणे येणार होते. मासोळीचा रस्सा पोटभर झाला पाहिजे, ही हरिदासची जिद्द. गेळफळ कुटायचं तर चार माणसं लागतात, हाळी दिली तर सारं गाव टोपल्या घेऊन येतं आणि वाटे पडतात. म्हणून तो एकटाच गेला. औषधाचा अर्धा डबा त्यानं कोसमडोहात ओतला. हाळी दिली नाही. डहाळा रोवला नाही. दोन टोपल्या मासोळी धुऊन धुऊन घरी नेली. पाहुणे बोटं चाटत उठले.

त्याच सकाळी धारेच्या खालच्या अंगाला इतवारीची बायको नीलाबाई पत्ता तोडत होती. दुपारी ती खाटेवर घरी आली, तोंडाला फेस. लोक म्हणाले, ऊन लागलं. हरिदास मातीला गेला. परत येऊन त्यानं डबा खोल पुरला, आणि त्यानंतर जीभ उचलली नाही. पाण्यातलं जहर दीड दिवसात वाहून जातं. त्याच्या आत राहिलं ते कुठेच वाहिलं नाही.

डोहावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी डहाळा त्याच्या अंगणात होता. पाण्याचे गुंड ठेवलेल्या ओट्यापाशी. पानं खाली, बुंधा वर.

हरिदासनं एकेक गुंड उचलून सगळं पाणी गटारात ओतलं. हापशीवरून नवं भरून आणलं. वास तसाच. तेही ओतलं. तिसऱ्या खेपेला हापशीवरच्या बाया म्हणाल्या, "भाऊ, ढोरं धुऊन राह्यले का?" त्यानं भरलेला गुंड उचलला. दिवसभर तो घरात बसला नाही, बाहेर उभा राहिला नाही. ओठ फुटले, तरी घोट घशाखाली उतरेना.

"दवाखान्यात चाला," अंजनाबाई म्हणाली. तिचा आवाज आता हसरा नव्हता. "तुमाले काही लागलं हाये."

"लागत-बिगत काई नसते."

तिसऱ्या दिवशी तो दोघींना घेऊन मुद्दाम डोहाच्या उलट्या अंगाला गेला. दहा वाजेतो पत्ता तोडला. मान वर केली तर साक्षी दिसेना.

"पोट्टी कुठी गेली?"

"बाटली घेऊन गेली ना आत्ताच. कोसमडोहाले..."

हरिदास पळत सुटला. काटे धोतराला ओढत होते. डोहाच्या वरच्या दरडीवर तो पोचला.

डोह पांढरा झाला होता. या काठापासून त्या काठापर्यंत मासोळीच मासोळी, पोटं वर. काठाला डहाळा नव्हता. साक्षी पाण्यात पाय सोडून वाकली होती. ओंजळ भरलेली. आणि पलीकडच्या काठावर एक बाई उकिडवी बसली होती, मांडीवर तेंदूच्या पानांचा भारा, पदर तोंडावर ओढलेला. ती साक्षीकडे पाहून हळूहळू मान हलवत होती. पी, पी.

उतरायला वेळ नव्हता. हाळीच द्यायची होती. त्यानं तोंड उघडलं, पण घशातून हवा तेवढी निघाली. वर्षभराचा अडकलेला आवाज. ओंजळ ओठांना लागली...

"पानी मारलं होऽऽ! पेऊ नोको पोरीऽऽ! पानी मारलं होऽऽ!"

साक्षीचे हात सुटले. पाणी खाली सांडलं. आणि धारेच्या खालच्या अंगाकडून, लांबून, सावकाश, एका बाईचा आवाज आला,

"आयकलं..."

तो घसरत खाली आला तेव्हा डोह नितळ होता. बोटाएवढी मासोळी साक्षीच्या पायांना टोचत होती. पलीकडे कोणी नव्हतं.

"पेली का? घोटभर तरी पेली का?"

"नाई, आबाजी." पोरगी रडायला आली होती. "म्या त्या बाईले पुसलं, डहाळा नाई तं पेऊ का? थे म्हने, पी. तुयाच आबाजीनं हाळी नाई देल्ली, मंग पानी चांगलंच असन..."

हरिदासनं तिला मागून धावत आलेल्या अंजनाबाईच्या हाती दिलं आणि पत्त्याचा भारा तिथेच टाकून तो सरळ इतवारीच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, गेला. इतवारी अंगणात एकटाच पत्त्याचे पुडके बांधत बसला होता.

"बस, हरिदासभाऊ."

"बसत नाई. नीलाबाईले ऊन नोहतं लागलं. डोहात औषध म्या टाकलं होतं. हाळी नाई देल्ली."

इतवारीच्या हातातली दोरी थांबली. त्यानं विचारलं, "मासोळीसाठी?"

"मासोळीसाठी."

"मले मांगतली असती तं म्या धरून देल्ली असती रे." एवढंच म्हणून इतवारीनं पागोटं उचललं. "चाल."

दोघं भर दुपारी चालत ठाण्यात गेले. हवालदारानं आधी दोनदा विचारलं, म्हातारा शुद्धीवर आहे ना. मग लिहून घेतलं. हरिदासनं काही वगळलं नाही. डबा कुठे पुरला तेही सांगितलं. कागद पुढे आला तेव्हा त्यानं अंगठा नाकारला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, पूर्ण नाव लिहिलं.

हवालदारानं कागद ओढून घेतला आणि सहज दाराबाहेर पाहिलं.

"त्या बाईले सावलीत बसवा ना. तुमच्याच संगं आली ना थे? कवाची उन्हात उभी हाये, पानी तरी द्या."

इतवारीनं मान वर केली नाही. हरिदास उठला. कोपऱ्यातल्या माठातून त्यानं पेला काठोकाठ भरला, नाकाशी नेला, एक घोट स्वतः घेतला, आणि पेला दोन्ही हातांत धरून बाहेर गेला.

परत आला तेव्हा पेला रिकामा होता. तो त्यानं माठावर पालथा ठेवला.