पहिल्या पानावरचा केरबा

गणपतराव भूमापन खात्यातून निवृत्त झाले आणि आपल्याच घराण्याची मोजणी करायला बसले. शिवाजी पेठेतल्या घरात कुलवृत्तांताचे दोनशे कागद तयार होते. घोडं अडलं होतं ते पहिल्याच नावाशी. काही शतकांपूर्वी राधानगरीच्या रानातून दोन भाऊ निघाले, कोल्हापुरात एकच पोचला. तो थोरला केरबा, आपला मूळ पुरुष, असं पेठेतले सांगत. उचगावचे भाऊबंद म्हणत, पोचला तो धाकटा जोतीराम. रानात केरबाला मारून त्यानं त्याचंच नाव लावलं.

“पुस्तक छापा की,” उचगावचा पृथ्वीराज फोनवर म्हणाला होता. “पर आधी नाव तरी आपलं हाय का बघा.”

हे गणपतरावांच्या जिव्हारी लागलं होतं. खुन्याचा वंशज म्हणून मरायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून सुगीनंतर हेळवी दारात आला तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. या भागातल्या घराण्यांच्या वंशावळी हेळव्यांकडे असतात. तो चोपडी उघडून एकेक नाव पुकारी. जिवंत असेल त्यानं ‘हाय’ म्हणायचं, गेलेल्याच्या नावाला घरानं गप्प राहायचं.

दुपारचे तीन वाजले होते. बायको अंबूबाई भाजीला गेली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. गणपतरावांनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला.

“पावणं, पहिल्यापास्नं वाचा.”

“दुसऱ्या पिढीपास्नं वाचतो, अण्णा. पयलं नाव ह्या घरात घ्यायचं न्हाय, आमच्या बानं बजावलंय.”

“का?”

“त्ये न्हाय सांगितलं.”

“मग वाचा की.”

हेळव्यानं घसा साफ केला. “केरबा…”

तालमीपुढं खेळणाऱ्या पोरांचा गलका थांबला. ऐन फाल्गुनात ओल्या, कुजक्या पाल्याचा वास आला.

“हाय…” माजघरातून कुणीतरी म्हणालं. बरीच वर्षं न बोललेल्या माणसाचा घोगरा आवाज होता.

गणपतरावांनी आत जाऊन पाहिलं. माजघर रिकामं होतं, मागच्या दाराला आतून कडी होती. ते तसेच परत आले.

“बंद करा…”

“अर्ध्यात सोडता येत न्हाय, अण्णा.” हेळवी भराभर वाचत गेला. पिढ्या सरल्या, घर गप्प होतं. “गणपती…”

“हाय,” गणपतराव मोठ्यानं म्हणाले.

हेळव्यानं चोपडीत खूण केली, पण त्यांच्याकडं नव्हे, माजघराकडं बघत. मग त्याला द्यायला काढलेलं जोंधळ्याचं सूप तसंच ठेवून तो निघून गेला.

अंबूबाई आल्यावर गणपतरावांनी रेकॉर्डिंग लावलं. केरबाच्या नावाला तो घोगरा ‘हाय’ आला. शेवटी हेळवी म्हणाला, “गणपती…” आणि पुन्हा तोच घोगरा आवाज, “हाय.” त्यांचा स्वतःचा आवाज कुठंच नव्हता.

“कुणाचा आवाज हा?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“कुणाचा म्हणजे? तुमचाच की,” अंबूबाई म्हणाली, माजघराकडं बघून.