वीतभर आखूड पडदा

मिलीने शिवलेला पहिला पडदा वीतभर आखूड झाला आणि तिच्या नवऱ्याला आठवडाभर पुरेल इतका विषय मिळाला.

बिचाऱ्याचा तरी काय दोष? मिली हे तिचं खरं नाव नव्हतं. पेच, म्हणजे स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात ती मोजमापाच्या खोलीत कामाला होती. केसाएवढ्या फरकावरून पेटीच्या पेटी परत पाठवायची, म्हणून तिथल्या लोकांनी मिलिमीटरचं मिली केलं आणि ते नाव तिच्या पाठोपाठ घरीही आलं. अशा बाईने स्वतःच्या घरची खिडकी मोजण्यात वीतभर चुकावं, म्हणजे जरा मजाच होती.

"पेचांचं कसं होतं कुणास ठाऊक," तो पडद्याखालची उघडी खिडकी बघत म्हणाला. "पूल वगैरे पडले नाहीत ना कुठे?"

मिली हसली, पण तिला ते लागलं. तिने पुन्हा खिडकी मोजली. वहीत साठ इंच लिहिले होते, खिडकी साठ इंचच भरली. कापड कापण्याआधी तिने दोनदा मोजलं होतं, दुमडीसाठी वर-खाली जास्तीचं सोडलं होतं. उरलेले तुकडे पिशवीत होते, तेही तिने जमिनीवर मांडून पाहिले. त्यात वीतभर कापड कुठेच नव्हतं.

शनिवारी दुपारी ती पडदा घेऊन शिवणवर्गाला गेली. शिवणबाईंच्या घराची पुढची खोली म्हणजे वर्ग. नवशिक्यांसाठी त्यांची ठरलेली यादी होती: उशीचा अभ्रा, पिशवी, पडदा, पायजमा, चादर, लहान मुलीचा फ्रॉक आणि शेवटी स्वतःसाठी ॲप्रन. नियम एकच. शिकताना शिवलेलं उसवायचं नाही. चूक डोळ्यांसमोर राहिली की हात सुधारतो, असं त्या म्हणायच्या. मिलीचं मशीनही त्यांच्याकडचंच होतं, हाताने फिरवायचं, जुनं, पण टाका एका ओळीत घालणारं. कोपऱ्यात नुसतंच पडून होतं, म्हणून त्यांनी देऊन टाकलं होतं.

"कापड आधी धुतलं नसेल," शिवणबाई म्हणाल्या.

"धुऊन, इस्त्री करून मग मोजलं."

त्यांनी पडदा हातात घेतला, टाका बघितला आणि घडी करून परत दिला. "लावून ठेवा," म्हणाल्या. "काढू नका."

पडदा तसाच राहिला. महिनाभराने खिडकीखालच्या भिंतीला ओल आली आणि घरमालकाने गवंडी पाठवला. गवंड्याने खिडकीची खालची बाजू बुजवली आणि आतून कट्टा काढून दिला. कट्टा वाळल्यावर मिलीच्या लेकीने पडदा ओढून पाहिला.

"आई, आता बरोबर बसला बघ."

बरोबर बसला होता. सुईच्या टोकाएवढाही फरक नव्हता. मिलीने कट्ट्याची उंची मोजली, वहीत लिहिली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. योगायोग म्हणून तिने ते सोडून दिलं. कारखान्यातही एक पेच चुकीचा निघाला म्हणून कुणी यंत्र बंद करत नाही.

पुढचा धडा पायजम्याचा. नवऱ्याला उभं करून तिने दोन्ही पाय मोजले आणि कापड दुहेरी घालून एकदम कापलं, म्हणजे दोन पाय वेगळे होण्याचा संभवच नाही. शिवून झाल्यावर डावा पाय बोटभर आखूड होता.

"आता मला लंगडत चालायला लावणार तू," नवरा म्हणाला आणि खोलीभर लंगडून दाखवलं. लेक हसून हसून जमिनीवर बसली.

त्यानंतर दहाव्या दिवशी दिवा बदलताना त्याच्या पायाखालचं स्टूल घसरलं. डाव्या मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर, मग काठी, असे साडेतीन महिने गेले. हाड नीट जुळलं, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पाय थोडा कमी राहील. घरी परत चालू लागला त्या दिवशी त्याने कपाटातून तो पायजमा काढून घातला. दोन्ही पायांच्या कडा जमिनीपासून सारख्याच अंतरावर आल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

दुसरी एखादी असती तर तिने मशीन त्याच दिवशी भंगारात दिलं असतं. मिलीला भीती वाटली, नाही असं नाही. पण खोटं कशाला सांगायचं, भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. पाहिल्याशिवाय सोडायचं नाही हा तिचा स्वभाव, आणि आयुष्यभर पोटही त्यावरच भरलं होतं. ती पुन्हा शिवणबाईंकडे गेली. वर्ग सुटला होता. तिने वही पुढे ठेवली. बाईंनी ती उघडली नाही.

"तुम्ही त्या मशीनवर काय शिवायचात?" मिलीने विचारलं.

"पिशव्या."

"आणि घरच्यांचे कपडे?"

"माणसांसाठी मी शिवत नाही," त्या म्हणाल्या. इतके दिवस पाहूनही न दिसलेली गोष्ट तेव्हा मिलीच्या लक्षात आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, बाईंच्या अंगावरचे कपडे नेहमी दुकानातले असायचे, खांद्यावरून घसरणारे, कुठेच न बसणारे. त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "यादीत आता चादर आहे ना? राहू द्या. नाही शिवलीत तरी चालेल."

असं म्हटल्यावर मिली थांबणार होती थोडीच?

या वेळी तिने रीतसर प्रयोग मांडला. नवरा-बायकोच्या पलंगाला पुरेल एवढं कापड घेतलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन केलं: एक किलो चाळीस ग्रॅम. दर हातभर शिवणीनंतर थांबून ती रुंदी मोजत होती. शंभर इंच. शंभर इंच. शेवटचा कोपरा दुमडेपर्यंत शंभर इंचच. मग तिने दोरा तोडला, चादर झटकली आणि पलंगावर टाकली.

चादर एका माणसापुरती होती.

तिने टेप लावली. साठ इंच. वजन केलं. एक किलो बेचाळीस, दोऱ्यासकट. कापड कुठे गेलं नव्हतं, नुसतं पुरत नव्हतं. मग पहिल्यांदाच तिने बाईंचा नियम मोडला आणि चारी कडा उसवल्या. उसवलेलं कापड साठ इंचच राहिलं.

नवरा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होता. त्याचं गुणगुणणं ऐकत ती उसवलेली चादर हातात घेऊन पलंगावर बसली. पडदा, पायजमा आणि आता ही. दोघांच्या पलंगावर एकच जण उरणार असेल, तर जाणार कोण?

दुसऱ्याच दिवशी तिने रजा काढली आणि नवऱ्यासाठी आणखी एक पायजमा शिवायला घेतला. घाईत टाके वाकडे पडले. शिवून झाल्यावर तो त्याला घालायला लावला. डावा पाय आधीच्या पायजम्यासारखाच बोटभर कमी. कंबर मात्र चांगली दोन इंच सैल, पुढे पोट सुटणाऱ्या माणसाला लागेल इतकी.

"मी जाड होणार म्हणायचं," तो म्हणाला. आणि मिलीने भर दुपारी त्याला घट्ट मिठी मारली, तेव्हा तो बावचळलाच.

मग लेकीचा फ्रॉक. नऊ वर्षांच्या पोरीच्या आजच्या मापाने कापलेला, शिवून झाल्यावर तीन इंच लांब आणि खांद्यात एक इंच रुंद. पोरगी वाढणार होती. पुढच्या वर्षापर्यंत तिला हा बरोबर होणार होता. मिलीने फ्रॉक छातीशी धरला आणि पोटभर रडून घेतलं, आनंदाने. दोघंही राहणार होती. मशीनचंच काहीतरी चुकलं असणार. चादर म्हणजे नुसती चादर.

तोंड धुऊन तिने वही उघडली. घरातल्या एकेकाच्या नावापुढे ती खूण करू लागली. नवरा. लेक. पेन तिसऱ्या ओळीवर थांबलं.

यादीतलं एकच उरलं होतं. ॲप्रन, स्वतःसाठी.

ती उठली. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःचं माप घेतलं. जाड निळं कापड तिच्या गळ्यापासून गुडघ्याखाली येईल असं कापलं. उजव्या बाजूला चष्म्यासाठी खिसा लावला. वजन केलं, वहीत लिहिलं. मशीनचा टाका एका ओळीत चालला.

दोरा तोडून तिने ॲप्रन टेबलावर पसरला. कापलेल्या मापापेक्षा तो बराच लहान झाला होता.

मग त्यावर लेकीचा तो पुढच्या वर्षीचा फ्रॉक ठेवला. गळ्यावर गळा आला. कडेवर कड.

वजन मात्र मोठ्या माणसाच्या ॲप्रनचंच होतं.

"अगं, किती छान," लेक शाळेतून येऊन मागे उभी होती. तिने ॲप्रन गळ्यात घातला आणि मागे बंद बांधले. किंचित मोठा होत होता, पण थोडाच. "जड आहे गं. माझा ना हा?"

"तुझाच," मिली म्हणाली.

"मग चहा करायला शिकव. तू म्हणाली होतीस, मोठी झालीस की शिकवीन."

मिलीने खिडकीकडे पाहिलं. पडदा कट्ट्याला अचूक टेकला होता.

"आजच शिकवते," ती म्हणाली.

तिने शेगडीपाशी स्टूल लावलं आणि ते घसरत नाही ना, हे हाताने दाबून पाहिलं. गॅस कसा पेटवायचा, पाणी किती, चिमट्याने भांडं कसं धरायचं, सगळं सावकाश दाखवलं. पोरीने एकदाही चूक केली नाही. चहा गाळायच्या वेळी ती स्वतःच स्टुलावरून उतरली आणि फडताळातून कप काढून ओट्यावर मांडले.

बाबांचा आणि स्वतःचा. मग तिने फडताळ लावून घेतलं.