खिडकीशेजारचा डाग

खालच्या घराचं रंगकाम करणारा निनाद चुकून एक मजला जास्त चढला, त्यानं बेल वाजवली आणि रेवतीनं दार उघडलं. त्याच्या हातात रंगाची बादली, पापण्यांवर पुट्टीची भुकटी... सॉरी म्हणून तो वळणार, तेवढ्यात तिनं विचारलं, आलाच आहात तर एक डाग बघून जाता का?

शाहपुऱ्यातलं हे भाड्याचं घर तिनं महिन्यापूर्वीच घेतलं होतं, नव्या नोकरीसाठी, एकटीनं. डाग खिडकीशेजारी होता. जमिनीवर बसून डोकं मागे टेकलं तर जिथे टेकेल, बरोबर तिथे — वाटोळा, तेलकट. शेजारच्या सरोजकाकू सांगत, बायको गेल्यावर इथे आधी राहणारे काशिनाथकाका अकरा वर्षं तिथेच बसून असायचे. अगदी शेवटपर्यंत.

निनादनं भिंत घासली, पुट्टी भरली, रंग दिला. ग्वाल्हेरकडचा तो, अर्धं बोलणं हिंदीत. पण भिंतीवरून हात असा फिरवायचा, की रेवती चहा गाळता गाळता थांबायची.

आठ दिवसांत डाग परत वर आला. निनादही आला. पुन्हा रंग, पुन्हा चहा — जरा जास्त वेळ. पुन्हा डाग — आता रेवती घाबरू लागली. तिसऱ्या खेपेनंतर तर तो आणखी ठळक झाला, आणि खोलीत माक्याच्या तेलाचा वास यायला लागला. त्या भिंतीकडे पाठ करून रेवतीला बसवेना. कुणीतरी मान वळवून बघतंय असं वाटे. अखेर तिनं सामान बांधायला काढलं. निनाद आला तेव्हा म्हणाली, घर सोडतेय. नागपूरला, आईकडे.

त्यानं बादली खोक्यांशेजारी खाली ठेवली.

“एक सांगू? चिडा हवं तर, पण जाऊ नका. तेलकट डागावर आधी लाखेचं अस्तर द्यावं लागतं, नाहीतर तो रंगातून वर येतोच. बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मी मुद्दाम दिलं नाही.”

“का?”

“परत यायला मिळावं म्हणून...”

रेवतीचे कान तापले. ती घाबरून अर्धी झाली होती, आणि याला चहा सुचत होता! तिनं तसं ऐकवलंसुद्धा. निनादनं मान खाली घातली.

“दोनदाच फसवलं. तुम्ही घाबरताय हे दिसल्यावर तिसऱ्यांदा अस्तराचे दोन हात दिले. कसम से.”

दोघंही हळूहळू भिंतीकडे वळले.

डागाच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, दुसरा डाग उमटला होता. थोडा खाली, लहान — अंबाड्याएवढा. सकाळी तो नव्हता.

रेवतीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिची बोटं निनादच्या मनगटाशी गेली.

“पुन्हा अस्तर देऊ?” तो कुजबुजला.

“नको. बसू देत दोघांना.”

“मग... मी येऊ कशाला?”

तिनं जवळचं खोकं ओढलं, दोरी सोडली आणि एकेक भांडं बाहेर काढू लागली.

“मला अजून भीती वाटते,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “रोज संध्याकाळी वाटेल.”